औषधाच्या पैशाची चोरी निलंबनावर मिटवू नका

प्रति,
मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य



हे पत्र मी आपल्याला मुख्यमंत्री म्हणून लिहितो आहे, पण त्याहून जास्त गृह आणि विधी व न्याय या खात्यांचे मंत्री म्हणून. सार्वजनिक आरोग्य एका मंत्र्याकडे आहे, वैद्यकीय शिक्षण दुसऱ्याकडे, अन्न व औषध प्रशासन तिसऱ्याकडे. त्यामुळे सरकारी दवाखान्यातल्या औषधाबद्दल तक्रार करायची म्हटली की माणूस या दारातून त्या दारात फिरत राहतो. पण गुन्हा नोंदवणारे पोलीस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आणि कोर्टात उभा राहणारा सरकारी वकील हे तिन्ही आपल्या अखत्यारीत येतात. गोरगरिबांच्या उपचारांचा पैसा खाणाऱ्याला शिक्षा होते की नाही, हे शेवटी आपल्याच खात्यांत ठरते. म्हणून पत्र आपल्याला.

आमच्या नांदेड-लातूरकडचे एक प्रकरण आपल्याला ठाऊक असेल. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून चालू आहे. जिल्हा बीड असला तरी लातूर जिल्ह्याची, विशेषतः रेणापूरकडची माणसे तिथे सर्रास जातात. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात फिर्याद दाखल झाली. रुग्णालयाला 'अझिथ्रोमायसिन ५००' म्हणून ज्या गोळ्या पुरवल्या होत्या, त्यांच्या नमुन्यात अझिथ्रोमायसिन नव्हतेच. २५,९०० गोळ्यांचा हा माल कोल्हापूरच्या पुरवठादाराकडून आला होता, त्याच्या मागे ठाण्याचा व्यापारी, त्याच्या मागे सुरतची कंपनी. छातीत कफ भरून आलेल्या माणसाला सरकारने दिलेली गोळी, आणि त्या गोळीत औषधच नाही.

याच्या आधी नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरला हेच घडले होते. तिथल्या ग्रामीण रुग्णालयातून औषध निरीक्षकाने सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला मार्च २०२३ मध्ये. तो मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत गेला. गोळीत औषध नाही, हा अहवाल आला डिसेंबर २०२३ मध्ये. मग नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या भांडारातून २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. वेष्टनावर गुजरातमधल्या ज्या कंपनीचे नाव छापले होते, ती कंपनी अस्तित्वातच नव्हती. पुरवठ्याच्या साखळीत एक नाव आमच्या लातूरचेही निघाले. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी सुमारे बाराशे पानांचे आरोपपत्र दाखल केले. त्यानुसार या गोळ्या म्हणजे टाल्कम पावडर आणि स्टार्च. बनवण्याचे ठिकाण हरिद्वारची जनावरांच्या औषधांची प्रयोगशाळा. पैसा हवालामार्गे मुंबई ते सहारनपूर फिरला.

मार्च ते डिसेंबर हे नऊ महिने आपण नीट पाहावेत अशी माझी विनंती आहे. नमुना तपासायला गेला म्हणून वॉर्डातली गोळी थांबत नाही. नऊ महिन्यांत टायफॉइडचे किती रुग्ण येतात, लघवीच्या संसर्गाच्या किती बाया येतात, बाळंतपणानंतर ताप आलेल्या किती जणी येतात. डॉक्टर केसपेपरवर बरोबर औषध लिहितो, परिचारिका बरोबर वेळेला गोळी देते आणि ताप उतरत नाही. डॉक्टरला वाटते की जंतू या औषधाला दाद देत नाही, म्हणून तो वरच्या पायरीचे प्रतिजैविक लिहितो, ते भांडारात नसते, मग बाहेरची चिठ्ठी. रुग्ण दगावला तर मृत्यूच्या दाखल्यावर जंतुसंसर्ग असे लिहिले जाते. टाल्कम पावडर असे कुणी लिहीत नाही. या चोरीत मेलेल्यांची मोजदाद कधी होत नाही, आणि मोजदाद होत नाही म्हणून तिच्याकडे आर्थिक गैरव्यवहार एवढ्याच नजरेने पाहिले जाते.

इथे नांदेडची आठवण काढणे भाग आहे. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला. ते मृत्यू चोरीमुळे झाले, असे मी म्हणत नाही. तसे कुठे सिद्ध झालेले नाही आणि न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगणे हा मेलेल्यांचा अपमान होईल. पण त्या आठवड्यात नातेवाईक कॅमेऱ्यासमोर सांगत होते की औषधे बाहेरून आणावी लागली, आणि सरकार सांगत होते की औषधांचा तुटवडा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्याची औषध खरेदी नेमकी कुणाच्या हातात आहे हाच प्रश्न पुढे आला. २०१७ पासून ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे होती. त्याच्या जागी २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणले, पण त्याला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नव्हता. तो नेमा, हे न्यायालयाला सांगावे लागले.

आणि उत्तरदायित्वाच्या नावाखाली आम्हाला काय पाहायला मिळाले? हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. त्याचे चित्रण देशभर फिरले. मग खासदारांवर गुन्हा, दुसरीकडे अधिष्ठात्यांवर आणि एका डॉक्टरवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. आपण तेव्हा उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री होता. त्या झाडूने एकाही बाळाला न्याय मिळाला नाही. रुग्णालयाच्या प्रमुखाची चारचौघांत अवहेलना करायला पाच मिनिटे लागतात. औषध कधी मागवले, कुणाच्या टेबलावर फाइल किती दिवस थांबली, पैसे कुठे गेले, याचा माग काढायला लेखापाल लागतो, तपास अधिकारी लागतो, महिन्यांची चिकाटी लागते. आमच्याकडे पहिले मिळते आणि दुसरे मिळत नाही.

दुसरे मिळाले असे एक उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले. औद्योगिक वापराचे डायइथिलीन ग्लायकॉल त्यात होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने निविदेपासून प्रयोगशाळेपर्यंत आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयापासून मंत्र्यांच्या दालनापर्यंत प्रत्येक कडी उघडी करून दाखवली. अहवाल आला आणि मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. सर्वांत कमी दराची निविदा, पुरवठादाराची नीट तपासणी नाही, माल चाचणीशिवाय वॉर्डात, हे सगळे त्या अहवालात आहे. पुढे जवळपास चार दशकांनी अंबाजोगाईत साखळी तीच निघाली. फरक एवढाच की तेव्हा विष होते, आता पावडर आहे. आणि पावडर हळू मारते म्हणून चौकशी आयोग बसत नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण माझे मुख्य म्हणणे तिथेच आहे.

बनावट औषधासाठी आपल्याकडे शिक्षा कमी नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, पण २००८ च्या दुरुस्तीनंतर बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा होण्याचा संभव असेल तर किमान दहा वर्षे ते जन्मठेप, आणि दहा लाख किंवा मालाच्या किमतीच्या तिप्पट यांत जास्त असेल तो दंड. सरकारी नोकराने सोपवलेला पैसा किंवा माल हडपला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. फसवणुकीला कलम ३१८ आहे, लाचेला १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे. मग अडते कुठे?

अडते ते तपास तुकड्यातुकड्यांत होतो म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये अशोककुमार शर्मा प्रकरणात निकाल दिला की औषध कायद्याच्या चौथ्या प्रकरणातल्या गुन्ह्यांसाठी पोलीस स्वतः गुन्हा नोंदवून तपास करू शकत नाहीत. ते काम औषध निरीक्षकाचे. पोलिसांच्या हातात राहतात फसवणूक, कट, खोटे दस्तऐवज ही कलमे. म्हणजे एकाच गोळीसाठी दोन यंत्रणा, दोन कागदपत्रे. औषध निरीक्षक रसायन जाणतो, पण त्याच्याकडे हवाला शोधायचे बळ नाही, दुसऱ्या राज्यात छापा घालायला मनुष्यबळ नाही. पोलीस उपनिरीक्षक माणूस पकडून आणू शकतो, पण बॅच क्रमांक, विश्लेषण अहवाल, पुरवठा आदेश यांचा मेळ घालणे त्याला कुणी शिकवलेले नाही. त्यात कळमेश्वरचा खटला वेगळा, अंबाजोगाईची फिर्याद वेगळी, आणि दोन्हींत ठाण्याची काही नावे सामाईक. हरिद्वार उत्तराखंडात, सहारनपूर उत्तर प्रदेशात, सुरत गुजरातेत, कोल्हापूर आणि लातूर महाराष्ट्रात. अंबाजोगाईच्या ठाणेदाराने हे सगळे एकट्याने उकलावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

म्हणून पहिली मागणी. राज्यभरातल्या सरकारी रुग्णालयांना झालेल्या बनावट औषध पुरवठ्याचे सगळे गुन्हे एकत्र करून ते केंद्रीय अन्वेषण विभागाकडे द्यावेत अशी शिफारस आपण केंद्राला करावी. महाराष्ट्राने सीबीआयला दिलेली सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली होती, ती २०२२ मध्ये आपल्या युतीच्या सरकारने परत दिली. तेव्हा राज्याच्या परवानगीची अडचण उरलेली नाही. या रुग्णालयांत येणारा पैसाही निव्वळ राज्याचा नसतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात साठ टक्के वाटा केंद्राचा आहे. आयुष्मान भारतमध्येही केंद्राचा वाटा आहे. केंद्राचा पैसा आणि आंतरराज्य टोळी, या दोन्ही अटी जिथे पूर्ण होतात तिथे केंद्रीय तपास मागण्यात राज्याचा कमीपणा नाही.

केंद्रीय तपास म्हणजे रामबाण, असेही मी मानत नाही. उत्तर प्रदेशातला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा घोटाळा आठवावा. लखनऊत ऑक्टोबर २०१० आणि एप्रिल २०११ मध्ये एकापाठोपाठ दोन मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचे खून झाले, जूनमध्ये एक उपमुख्य वैद्यकीय अधिकारी तुरुंगात मृतावस्थेत सापडला, त्यानंतर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनऊ खंडपीठाने नोव्हेंबर २०११ मध्ये सीबीआय चौकशीचा आदेश दिला. कॅगने सुमारे ५,००० कोटींच्या खर्चावर बोट ठेवले. माजी मंत्र्याला अटक झाली, आयएएस अधिकारी आत गेले. खटले मात्र वर्षानुवर्षे चालले. तरीही एक गोष्ट झाली: पैसा जिल्ह्यापासून राजधानीपर्यंत कसा वर चढत गेला, हे कोर्टाच्या कागदावर आले. आमच्याकडे ते कागदावरही येत नाही.

चोरीची औषधाइतकीच मोठी दुसरी जागा म्हणजे विमा योजना. नांदेडकरांना तिचे महत्त्व सांगायला नको. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आयुष्मान भारतशी जोडली गेली, आणि आता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. किनवट-माहूरचा शेतमजूर, देगलूर-मुखेडचा ऊसतोड कामगार, जळकोट-देवणीची विधवा बाई, यांनी बायपास किंवा डायलिसिस हे शब्द या योजनेमुळे उच्चारले. जमीन गहाण न टाकता ऑपरेशन झाले, असे सांगणारी घरे आमच्याकडे गावोगाव भेटतात. म्हणून या योजनेतली चोरी मला जास्त लागते.

ती होते कशी, हेही आपल्या तपास अधिकाऱ्यांना माहीत आहे. साध्या आजाराला मोठ्या शस्त्रक्रियेचे पॅकेज लावायचे. धडधाकट माणसाला शिबिरातून उचलून खाटेवर निजवायचे, फोटो काढायचा, अंगठा घ्यायचा. रुग्णाकडून 'डिपॉझिट' म्हणून रोख घ्यायची आणि त्याच उपचाराचा क्लेमही टाकायचा; रुग्णाला वाटते योजना बसली नाही, आणि योजनेला वाटते रुग्ण कॅशलेस बरा झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात देशभरातल्या अशा खुणा आहेत. आधीच मृत म्हणून नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेले. सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले होते, ज्याचे दहाही आकडे नऊ होते. ओळख पटवायला मोबाइल लागत नाही, असे सरकारचे उत्तर आले. ते मानले तरी मेलेल्या माणसांच्या उपचारांना उत्तर नाही.

पैशापुरते असते तरी एक वेळ. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या ख्याती रुग्णालयाचे प्रकरण बाहेर आले. कडी तालुक्यातल्या बोरिसणा गावात शिबिर घेतले, गावकऱ्यांना बसमधून शहरात आणले, १९ जणांची अँजिओग्राफी आणि सात जणांची अँजिओप्लास्टी केली, दोघे दगावले. गरज नसताना योजनेच्या पैशासाठी स्टेंट घातले, असा आरोप आहे. तिथे मात्र गुजरात पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवून डॉक्टरांना आणि संचालकांना अटक केली. गावकऱ्यांनी आवाज उठवला म्हणून ते झाले. दोन माणसे मेली नसती, तर बहुधा तेही एका नोटिशीवर आणि दंडावर संपले असते.

कारण सर्वसाधारण शेवट तोच आहे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितले की आयुष्मान भारतमध्ये गैरप्रकारांबद्दल १,११४ रुग्णालये यादीतून वगळली, ५४९ निलंबित केली आणि १,५०४ रुग्णालयांना १२२ कोटींचा दंड केला. आकडे मोठे आहेत, पण हे तिन्ही उपाय प्रशासकीय आहेत. यादीतून वगळलेल्या रुग्णालयाच्या मालकाला दुसऱ्या नावाने पाटी लावता येते. काळ्या यादीतल्या औषध पुरवठादाराला मेहुण्याच्या नावाने निविदा भरता येते. निलंबित अधिकाऱ्याला निर्वाहभत्ता मिळतो आणि काही काळाने तो दुसऱ्या जिल्ह्यात रुजू होतो. दुकानात पाकीट मारणाऱ्या पोराला आपण कोठडी दाखवतो, आणि मेलेल्या माणसाच्या नावाने शस्त्रक्रियेचे बिल लावणाऱ्याशी पत्रव्यवहार करतो.

अमेरिकेसारख्या देशाची आरोग्यव्यवस्था आपण उचलावी असे मला मुळीच वाटत नाही. तिथे गरीब माणसाचे हाल वेगळे आहेत. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांनी १९९६ मध्ये आरोग्य योजनेतली चोरी आणि अपहार हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा केला. पैसा सरकारी योजनेचा असो वा खासगी विम्याचा, जाणूनबुजून हडपला तर दहा वर्षांपर्यंत कैद. आणि रक्कम शंभर डॉलर किंवा त्याहून कमी असली तरी एक वर्षापर्यंत कैद. जून २०२५ मध्ये तिथल्या न्याय विभागाने एका देशव्यापी मोहिमेत ३२४ जणांवर आरोप ठेवल्याचे जाहीर केले, त्यांत ९६ डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट असे परवानाधारक होते. फिर्यादी पक्ष आरोग्याचे हिशेब जाणणारा, आकडे तपासणारे त्याच चमूत, आणि सगळ्यांवर एकाच वेळी कारवाई. कायदा नवा करायचा की नाही हा संसदेचा प्रश्न. असा चमू उभा करायला आपल्याला संसदेची गरज नाही.

म्हणून दुसरी मागणी नांदेड-लातूरपुरती आणि नेमकी आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे नांदेड परिक्षेत्र आमच्या दोन्ही जिल्ह्यांसह परभणी आणि हिंगोली पाहते. तिथे आरोग्यासाठी स्वतंत्र पथक द्या. त्यात एक चार्टर्ड अकाउंटंट, औषध प्रशासनातला एक अनुभवी निरीक्षक आणि एक डॉक्टर असू द्या. विष्णुपुरी, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्ही जिल्हा परिषदांची आरोग्य केंद्रे आणि योजनेतली खासगी रुग्णालये, यांची खरेदी आणि क्लेम हे त्यांचे काम. राज्य आरोग्य हमी सोसायटीला जिथे खोटा रुग्ण, खोटा कागद किंवा दुहेरी वसुली आढळेल, तिथे दंडाची नोटीस काढून फाइल बंद करण्याची मुभा नको. कागद पोलिसांकडे जायलाच हवा. आणि या खटल्यांसाठी विशेष सरकारी वकील नेमा, जो दर सहा महिन्यांनी बदलणार नाही.

यात एक काळजी घ्यावी लागेल, आणि ती मी मनापासून सांगतो. प्रत्येक चूक चोरी नसते. दोनशे रुग्णांच्या वॉर्डात एकटी परिचारिका रजिस्टर भरायला विसरली, तर ती गुन्हेगार नाही. साप चावलेल्या पोरासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याने नियम बाजूला ठेवून तातडीने औषध विकत घेतले, तर त्याला बक्षीस द्यायला हवे. खासगी रुग्णालयांचे क्लेम महिनोन्महिने अडकतात ही त्यांची तक्रारही खरी आहे, आणि सरकारने पैसे वेळेवर दिले तर खोटे बिल लावणाऱ्याची एक सबब जाईल. पथकाने बारकुल्या कारकुनाला पकडून वरची साखळी सोडली, तर आमचा विश्वास पार उडेल. ज्याला पैसा मिळाला त्याच्यापर्यंत पोचणारा तपास हवा.

वरपर्यंत पोचायला मंजुरी लागते, आणि इथे आपली सही येते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर सरकारी अधिकाऱ्याने पदावर घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करायला कलम १७-अ खाली आधी परवानगी घ्यावी लागते, आणि खटला भरायला कलम १९ खाली पुन्हा मंजुरी. दुसऱ्या मंजुरीसाठी कायद्यानेच तीन महिन्यांची आणि फार तर आणखी एका महिन्याची मुदत सांगितली आहे. मंजुरीअभावी प्रलंबित असलेल्या प्रकरणांची यादी आपला लाचलुचपत विभाग संकेतस्थळावर देतो, ही चांगली गोष्ट आहे. त्यातली आरोग्याची प्रकरणे वेगळी काढा. कोणती फाइल कोणत्या सचिवाकडे किती दिवस आहे, ते दर अधिवेशनात सभागृहासमोर ठेवा. नकार द्यायचा असेल तर कारणासह द्या. मुदत उलटून गेल्यावर गप्प राहणे हा सर्वांत सोयीचा नकार असतो.

आणि भांडारातल्या माणसाला वाचवा. बनावट गोळी सर्वांत आधी कुणाला कळते? औषधनिर्माण अधिकाऱ्याला, भांडारपालाला, वॉर्डातल्या सिस्टरला. स्ट्रिपवरची छपाई फिकट, गोळी हाताने चुरते, नेहमीचा पुरवठादार बदललेला. त्याने तोंड उघडले तर बदली गडचिरोलीला. व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही होऊन तयार आहे, पण तो अंमलात आलेला नाही. केंद्राची वाट न पाहता राज्याने निदान एवढा आदेश काढावा की औषधाच्या दर्जाबद्दल लेखी शंका घेणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली तपास संपेपर्यंत होणार नाही, आणि त्याची शंका आली त्या दिवशी ती बॅच वॉर्डातून मागे घेतली जाईल. अहवाल यायला नऊ महिने लागोत वा नऊ दिवस, तोवर ती गोळी कुणाच्या तोंडात जाता कामा नये. प्रयोगशाळा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पण वॉर्डात माल जाण्याआधी चाचणी झालीच पाहिजे असा नियम कडक केला तर चौथी नांदेडला लागेल, आणि ती द्यावी.

पैसा परत यावा, हाही आमचा आग्रह आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करण्याचा आणि न्यायालयाच्या आदेशाने ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटण्याचा मार्ग १ जुलै २०२४ पासून उघडला आहे. औषधाच्या पैशातून घेतलेले प्लॉट आणि गाड्या विकून आलेली रक्कम ज्यांनी ती गोळी खाल्ली त्यांच्यापर्यंत पोचावी, असा अर्ज आपल्या सरकारी वकिलाने प्रत्येक खटल्यात करावा.

आपण वकील आहात. पुरावा काय असतो आणि तो वेळेत गोळा केला नाही तर कसा विरून जातो, हे आपल्याला सांगायची गरज नाही. अंबाजोगाईच्या फिर्यादीतल्या गोळ्यांचे वेष्टन, पुरवठा आदेश, बँकेतले व्यवहार, भांडाराची नोंदवही हे सगळे आज हाताशी असेल. पाच वर्षांनी नसेल. येत्या अधिवेशनात आपण सभागृहाला सांगावे की बनावट औषधांचे सगळे गुन्हे एकत्र तपासासाठी कधी देणार, नांदेड परिक्षेत्रात आरोग्य पथक कधी बसणार, आणि खटल्याच्या मंजुरीसाठी आरोग्य खात्याच्या किती फाइली आज आपल्या सरकारकडे पडून आहेत. या तीन प्रश्नांना तारखेसह उत्तर द्यावे, एवढीच नांदेड आणि लातूरच्या रुग्णांच्या वतीने मागणी आहे.

आपला,
एक नागरिक,
नांदेड